घाटांच्या मधला गांव

कृष्णाकांठचें वाई हें गांव घाटांसाठीं प्रसिद्ध आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड हीं नांवें कोणताही वाईकर एका दमांत सांगतो, आणि कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर क्रमाक्रमानें होतो तेव्हां परगांवीं गेलेलीं मुलेंमाणसें घरीं परततात. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा येथलीच, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें तेंही येथेंच. ज्या गांवास लोक दक्षिण काशी म्हणतात त्याचें माहात्म्य पुन्हां नव्यानें गावें असा आमचा हेतु नाहीं. वाईला आणखी दोन घाट आहेत, आणि ते नदीचे नसून रस्त्याचे आहेत. पुण्याच्या बाजूस खंबाटकी व पांचगणीच्या बाजूस पसरणी. या दोहोंच्या मध्यें वाई वसली आहे. गेल्या मार्गशीर्षांत आमचें चार दिवस तेथें राहणें झालें, आणि त्या चार दिवसांत नदीपेक्षां रस्त्याविषयींच अधिक ऐकावयास व पाहावयास मिळालें. त्यांतील कांहीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुण्याहून निघालेली एस. टी. ची गाडी शिरवळ मागें टाकून खंडाळ्यास आली (हें साताऱ्याकडील खंडाळें, लोणावळ्याजवळचें नव्हे) कीं समोर खंबाटकीचा डोंगर उभा राहतो. येथील वर्षानुवर्षांची व्यवस्था अशी होती कीं, साताऱ्याकडे जाणारीं वाहनें घाट चढून जात, व साताऱ्याहून पुण्याकडे येणारीं वाहनें डोंगर फोडून केलेल्या बोगद्यांतून येत. चढणाऱ्यांची वाट वांकडीतिकडी व कष्टाची. मालानें भरलेले ट्रक तेथें कण्हत कण्हत चढतात. बोगद्यांतून येणाऱ्यांची वाट त्या मानानें सोपी. परंतु बोगद्याच्या बाहेर उतार होता, उतारावर गाडीचा वेग चालकाच्या नकळत वाढे, आणि नेमकें तेथेंच इंग्रजी 'एस' अक्षरासारखें दुहेरी वळण होतें. कष्टाच्या वाटेपेक्षां ही सोपी वाटच अधिक कुप्रसिद्ध झाली. ता. १० एप्रिल २०१८ रोजीं पहांटेच्या अंधारांत विजापूरकडील मजुरांना घेऊन येणारा मालवाहू टेंपो या वळणावर उलटला व किमान १७ जीव गेले. पोटासाठीं निघालेलीं तीं माणसें मालाच्या गाडींत, मालाप्रमाणें बसून चाललीं होतीं.

अशा जागेस सरकारी भाषेंत 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारें ५०० मीटरच्या टप्प्यांत तीन वर्षांत मृत्यु अथवा गंभीर इजा झालेले पांच अपघात घडले, किंवा एकूण दहा माणसें दगावलीं, म्हणजे त्या टप्प्यास हें नांव मिळतें. व्याख्या आवश्यक आहे हें खरें; नोंद केल्यावांचून दुरुस्ती कोठें करावी हें कळणार कसें? तथापि दहा माणसें गेल्यावर जागेचें नामकरण व्हावें, ही गोष्ट वाचतांना मन थबकतें. खंबाटकीच्या बाबतींत पुढें नवे जोडबोगदे व सहापदरी रस्ता यांचें काम सरकारनें हातीं घेतलें. वळणच काढून टाकावें हा विचार योग्य होता. त्या विचाराचें मोल पुढें वाईंतील एका देवळाच्या भिंतीनें आम्हांस अधिक नीट समजावून दिलें.

घाट उतरल्यावर कांहीं वेळानें सुरूरचा फाटा लागतो. येथें महामार्ग सोडून गाडी वाईकडे वळते. जुने वड ही या रस्त्याची फार दिवसांची ओळख. रस्ता बहुतेक सरळ व सपाट. दोहों बाजूंस उसाचीं शेतें. आम्ही गेलों तो कारखान्यांच्या हंगामाचा काळ होता. एकेका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाची रास चारी बाजूंनीं बाहेर झुकलेली, मागें दिवा नाहीं, लाल पट्टी नाहीं. असलीच तर उसाच्या वाढ्यांखालीं झांकलेली. फाट्यावर वडापच्या जीपा माणसें भरीत उभ्या, आणि त्या सर्वांच्या मधून वाट काढीत मोटारसायकली. संध्याकाळ झाली होती. एवढी गर्दी मागें टाकून गाडी सरळ रस्त्यास लागली तेव्हां आम्हांस हायसें वाटलें. तसें वाटणें किती फसवें असतें हें त्याच रात्रीं कळलें.

आम्ही ज्यांच्या घरीं उतरलों त्या स्नेह्यांना सारें घर अण्णा म्हणतें. तीन पिढ्यांचें एकत्र कुटुंब, घाटाजवळचा जुना वाडा. जेवणें झाल्यावर ओसरीवर सर्व मंडळी बसली. भिंतीवर एका तरुणाची तसबीर होती व तिला ताजा हार घातलेला होता. अण्णांच्या धाकट्या बंधूंचा तो एकुलता मुलगा, वय तेवीस. पांचगणीच्या एका कचेरींत नोकरीस होता. रोज मोटारसायकलीवरून पसरणीचा घाट चढे व उतरे. तीन वर्षांपूर्वीं एका रात्रीं मित्राला फाट्यावर सोडून परत येतांना सरळ रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. हेल्मेट घरींच खुंटीला होतें, कारण घाटांत जावयाचें नव्हतें. त्याची आई, म्हणजे आमच्या धाकट्या वहिनी, हें सर्व शांतपणें सांगून शेवटीं म्हणाल्या, "मास्तर, त्याची वेळ भरली होती, दुसरें काय! नाहींतर रोज घाट चढणाऱ्या मुलाला सपाटीवर काय व्हावयाचें होतें?"

पुत्रशोक झालेल्या माउलीशीं वाद घालणें हें शहाणपणाचें नव्हे, माणुसकीचेंही नव्हे. आम्ही गप्प राहिलों. परंतु तो प्रश्न पुढील तिन्ही दिवस आमच्याबरोबर हिंडला, आणि हळूहळू असें ध्यानांत आलें कीं उत्तर त्या प्रश्नाच्या पोटांतच आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गणपति घाटावर ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं हें देऊळ बांधविलें. मूर्ति एवढी भव्य कीं तिचें लोकांनीं पाडलेलें नांव सार्थ वाटतें. परंतु दर्शन घेऊन झाल्यावर वाचकांनीं प्रदक्षिणेच्या मिषानें देवळाची पाठीमागची भिंत अवश्य पाहावी. ती सरळ नाहीं. माशाच्या आकाराप्रमाणें मध्यें टोंकदार व दोहों बाजूंस निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेस पूर आला कीं पाण्याचा लोंढा या टोंकावर दुभंगतो व दोन बाजूंनीं निघून जातो. भिंतीवर त्याचा सरळ मारा होत नाहीं. ज्यांनीं ती बांधली ते देवभक्त होते, आणि देव तर खुद्द विघ्नहर्ता! तरीहि त्यांनीं 'गजाननाच्या देवळास पूर काय करणार?' असें म्हटलें नाहीं. पूर येणार हें त्यांनीं धरून चाललें, आणि आला तरी देऊळ उभें राहावें अशी भिंत रचली. श्रद्धा गाभाऱ्यांत ठेवली व गणित भिंतींत घातलें.

रस्त्यांच्या बाबतींत हाच विचार युरोपांत स्वीडन देशानें अंगीकारला. तेथील पार्लमेंटानें १९९७ सालीं असें धोरण ठरविलें कीं, रस्त्यावर मनुष्य मरणें किंवा जन्माचा पंगु होणें ही अटळ गोष्ट मानावयाची नाहीं. मनुष्य चुकणार, त्याला डुलकी येणार, त्याचें लक्ष विचलित होणार हें गृहीत धरावयाचें. परंतु त्या चुकीला देहदंडाची शिक्षा होऊं नये असा रस्ता बांधावयाचा. समोरासमोरच्या वाहनांमध्यें कठडा, चौकांत वेग आपोआप कमी करणारा वाटोळा वळसा, वस्तींत कमी वेग, पायीं चालणारास निराळी वाट, असे त्याचे प्रकार आहेत. आपल्याकडेही मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर २०१६ पासून अशा रीतीनें जागोजागचे दोष शोधून काढण्यांत आले. उघड्या खांबांना व दुभाजकांच्या टोंकांना कठडे लावले, खुणा रंगविल्या, जखमींस उचलण्याची सोय सुधारली. २०१६ सालीं त्या मार्गावर १५१ माणसें मेलीं होतीं; पुढील चारपांच वर्षांत ती संख्या निम्म्याहून खालीं आली. माणसें तींच, दैवही तेंच. बदलली ती भिंत.

तिसऱ्या दिवशीं पसरणीचा घाट पाहण्यास निघालों. वाईपासून पांचगणी सुमारें बारा किलोमीटर, पण तेवढ्यांत साडेपांचशें मीटरांहून अधिक चढावयाचें. एका बाजूस कातळ, दुसऱ्या बाजूस दरी, आणि खालीं धोमच्या जलाशयापर्यंत पसरलेलें वाईचें खोरें. वळणामागून वळण येतें, परंतु आमचा चालक प्रत्येक वळणापूर्वीं भोंगा वाजवी, वर येणाऱ्यास वाट देऊन आपण थांबे, आणि परतीच्या वेळीं तर आम्हांस त्यानें एक धडाच दिला. "मास्तर, ज्या गिअरांत चढायचं त्याच गिअरांत उतरायचं. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की ब्रेक तापतात आणि ऐन वेळीं दगा देतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस आपल्या पोरांचा वैरी." चढत्या वाहनास उतरत्यानें वाट द्यावी हा नुसता घाटांतील शिष्टाचार नव्हे, मोटारींच्या कायद्याखालील नियमही तसाच आहे, पण आमचा चालक तो नियम वाचून पाळीत नव्हता. दरी समोर दिसत होती, म्हणून पाळीत होता.

घाट निर्धोक आहेत असें यावरून कोणीं समजूं नये. हाच रस्ता महाबळेश्वराच्या पलीकडे आंबेनळीच्या घाटानें पोलादपुराकडे उतरतो. ता. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची सहलीस निघालेली बस त्या घाटांतील दरींत कोसळून ३० जण मृत्यु पावले. घाटांत चूक झाली तर ती अशी एकदम घराघरांत आकांत उडविते, आणि म्हणूनच सर्वांच्या स्मरणांत राहते. सपाटीवरचें मरण मात्र एकेकट्याचें असतें. वर्तमानपत्राच्या कोंपऱ्यांत चार ओळी येतात, आणि दुसऱ्या दिवशीं त्या कागदांत पुडी बांधली जाते.

वस्तुतः हीं एकेकटीं मरणें मिळूनच मोठा आकडा होतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. पैकीं एकट्या महाराष्ट्रांतील १५,२२४. त्या मृतांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे, आणि जवळजवळ पांचवा हिस्सा पायीं चालणारांचा. शेंकडा ६८ मृत्यु शहरांबाहेरील ग्रामीण भागांतले. सुमारें दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर घडलेले, आणि शेंकडा ७१ मृत्यूंचें कारण म्हणून अति वेगाची नोंद. देशांत सरळ रस्ताच अधिक, म्हणून त्यावरचे अपघातही अधिक, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरी 'सरळ रस्त्यावर काय व्हावयाचें?' असें म्हणण्यास जागा उरत नाहीं एवढें त्यावरून खास ठरतें.

असें कां व्हावें? शाळेंत गणित व विज्ञान शिकवितांना जो हिशेब आम्ही फळ्यावर मांडीत असूं तोच येथें मांडतों. ताशीं ५० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें १४ मीटर. एखादा पदार्थ जवळजवळ १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून पडला, तर जमिनीस टेंकतांना त्याला हाच वेग येतो. ताशीं ८० किलोमीटर म्हणजे सेकंदास २२ मीटर, आणि त्याची उंची २५ मीटर, म्हणजे आठ मजली इमारत. वेग दीडपटीहून थोडासाच अधिक वाढला, पण उंची अडीचपट झाली. कारण आघात वेगाच्या नव्हे, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तात्पर्य, ऐंशीच्या वेगानें जाणारा तरुण पंचवीस मीटर खोल दरीच्या कडेवरूनच चाललेला असतो. पसरणींत ती दरी त्यास दिसते व तो सांभाळतो. सपाटीवरही दरी तेवढीच खोल असते. ती फक्त दिसत नाहीं.

दुसरा हिशेब याहून साधा. डोळ्यांनीं पाहिलें, मनानें जाणलें व पायानें ब्रेक दाबला, यांत सुमारें एक सेकंद जातो. ऐंशीच्या वेगांत तेवढ्यांत २२ मीटर निघून जातात, आणि त्यानंतर चांगल्या ब्रेकांनीं, कोरड्या रस्त्यावर थांबावयास आणखी तीसपस्तीस मीटर लागतात. अंधारांत दिवा नसलेली ट्रॉली चाळीस मीटरांवर दिसली, तर चालक कितीही निष्णात असो, हा हिशेब त्याच्या विरुद्धच जाणार. वेग चाळीसाचा असता तर तो एवढ्याच अंतरांत थांबला असता. ट्रॉलीच्या पाठीस तांबडी चमकती पट्टी असती तर ऐंशीच्या वेगांतही कदाचित् थांबला असता. एक पट्टी व थोडा कमी वेग, या दोन गोष्टींच्या अभावास आपण 'वेळ भरली' असें नांव देतों.

दैवाचा विचार आम्ही हलका समजत नाहीं. परंतु दैवाचा एक व्यवहार विचार करण्यासारखा आहे. २०२० सालीं साथीमुळें टाळेबंदी झाली, रस्त्यांवरची वाहतूक कित्येक आठवडे जवळजवळ बंद पडली. त्या सालीं रस्त्यांवरील मृत्यु १,३१,७१४ वर आले. २०२१ सालीं ते १,५३,९७२ झाले, २०२२ सालीं वर दिल्याप्रमाणें १,६८,४९१, आणि २०२३ सालीं १ लाख ७२ हजारांच्या पलीकडे गेले. आतां आम्ही विचारतों, टाळेबंदींत दैवही काय घरीं बसलें होतें? चाकें थांबलीं म्हणून मृत्यु घटले. चाकें फिरूं लागलीं, तेही पूर्वीच्याच वेगानें व पूर्वीच्याच रीतीनें, म्हणून वाढले. जें चाकाबरोबर घटतें व वाढतें त्याला दैव म्हणण्यापेक्षां कर्म म्हणणें शास्त्रास अधिक धरून होईल.

आतां गांवांतला प्रकार. वाईच्या पेठा बैलगाडीच्या काळीं आंखलेल्या; दोन भरल्या गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनें मागें सरावें एवढीच त्यांची रुंदी. शनिवारीं-रविवारीं पांचगणी-महाबळेश्वरास जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. शाळा सुटावयाच्या वेळीं एका स्कूटरवर तीन तीन मुलें, पाठीवर दप्तरें, आणि डोक्यावर कांहीं नाहीं. हेल्मेट असलेंच तर तें दांडीला किंवा कोपरांत अडकविलेलें, जणूं कोपर हाच मनुष्याचा नाजूक भाग! गतिरोधकांचीही तीच गत. शास्त्राप्रमाणें गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, वाटोळ्या पाठीचा असावा, आधीं फलक असावा व वर पांढरे पट्टे असावेत. प्रत्यक्षांत कोणाच्या तरी दारापुढें अपघात झाला कीं रात्रींतून डांबराचा उभा बांध घातला जातो. त्यावर म्हातारीं माणसें व गरोदर बाया स्कूटरच्या मागच्या बैठकीवरून उसळून पडतात. भिंत बांधावयाची बुद्धि आहे, पण माशाचा आकार देण्याचें ज्ञान नाहीं, असा हा प्रकार.

मनुस्मृतींत कोणास वाट द्यावी याची एक यादी दिली आहे. त्यांत चाकाच्या गाडींत बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, डोक्यावर ओझें असलेला, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला नवरदेव असे आहेत. या यादींतील पहिला तेवढा आपण पक्का लक्षांत ठेवला, आणि नवरदेवाची वरात अधूनमधून रस्ता अडविते म्हणून तोही विसरलों नाहीं. मधले वृद्ध, रोगी, भारवाहक व स्त्रिया मात्र आज रस्त्याच्या कडेला, गटाराच्या फरशीवर, दुकानाच्या पायरीला धरून उभे असतात. ज्या गांवांत धर्मशास्त्राचा एवढा अभ्यास झाला तेथें तरी ही यादी शेवटपर्यंत वाचली जावी.

रस्ते सुधारणें हें सरकारचें व नगरपालिकेचें काम; त्यासाठीं अर्ज करावे, सभा भराव्या, पाठपुरावा करावा. परंतु कांहीं गोष्टी प्रत्येक घराच्या उंबऱ्याच्या आंतल्या आहेत. २०२२ सालीं हेल्मेट नसतांना मेलेल्या दुचाकीस्वारांची संख्या ५०,०२९ होती. त्यांतील १४,३३७ मागें बसलेले. म्हणजे दर दहांत जवळजवळ तीन माणसें अशीं कीं जीं गाडी चालवीत नव्हतीं. कोणाची तरी पत्नी, आई, बहीण किंवा मूल. कायदा चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सांगतो, तें याचसाठीं. मोटारींतही पट्टा न बांधतां मेलेल्या १६,७१५ जणांत जवळजवळ निम्मे चालक नव्हते. घरांत गाडी एक व हेल्मेट एक असेल, तर एका जिवाची किंमत आपण ठरविली व दुसऱ्याची ठरविली नाहीं असाच त्याचा अर्थ होतो.

दुसरी गोष्ट किल्लीची. अठरा वर्षांखालील मुलास नेहमींची स्कूटर अथवा मोटारसायकल चालविण्याचा परवाना मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें असें ठरलें आहे कीं, अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल. त्यास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. मुलगा चांगली चालवितो, गल्लींतच तर जातो, क्लास लांब आहे, हीं सर्व कारणें कायद्यापुढें व ट्रॉलीपुढें सारखींच निरुपयोगी आहेत.

तिसरी गोष्ट जखमीची. रस्त्यांत मनुष्य पडला असतां 'पोलिसांचें लचांड नको' म्हणून सज्जन मंडळी पुढें निघून जातात. तें भय आतां धरण्याचें कारण नाहीं. मदत करणाऱ्यास त्रास देऊं नये, त्याचें नांव विचारण्याचीही सक्ति करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मान्य केलें, व २०१९ च्या दुरुस्तीनें तें संरक्षण कायद्यांतच आलें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. मे २०२५ मध्यें केंद्र सरकारनें अपघातग्रस्तांस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरतां मिळावेत अशी योजनाही जाहीर केली. पहिल्या तासांत रक्त थांबलें व इस्पितळ गांठलें तर कित्येक जीव वांचतात. हें घरांतील प्रत्येकास, मुलांसह, पाठ असावें.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं अण्णांचा सोळा वर्षांचा नातू क्लासला निघाला होता. स्कूटरची किल्ली खुंटीवर होती. त्यानें हात वर केला. अण्णा कांहीं बोलले नाहींत. "गल्लींतून तर जावयाचें," असें घरांत कोणी तरी म्हणालें. तेवढ्यांत धाकट्या वहिनी आंतून आल्या, त्यांनीं किल्ली काढून पदराच्या टोंकास बांधली व म्हणाल्या, "बाळ, सायकलीवर जा. उशीर झाला तर होऊं दे. मी तुझ्या सरांना सांगेन." मुलगा थोडा फुरंगटला, पण सायकल काढून गेला. वेळ भरल्याची गोष्ट त्यांनीं आम्हांस सांगितली होती. या मुलाच्या बाबतींत मात्र त्यांनीं ती वेळेवर सोंपविली नाहीं. आम्हीं जें फळ्यावरच्या हिशेबानें मांडलें तें त्या माउलीनें पदराच्या गांठीनें सांगितलें.

वाईस जाणाऱ्या वाचकांनीं नदीचे घाट पाहावेत, ढोल्या गणपतीचें दर्शन घ्यावें, त्याच्या पाठीची भिंत डोळे भरून पाहावी, आणि मेणवलीपर्यंत सवडीनें जाऊन यावें. जातां येतां खंबाटकींत जितके सावध राहाल तितकेच सुरूरच्या सरळ रस्त्यावर राहा, आणि घरीं आल्यावर खुंटीवर किल्ल्या किती व हेल्मेटें किती हें एकदां मोजून पाहा, एवढी विनंति करून हा लेख येथें पुरा करितों.